अकरा वर्षांची शेगडी

परसात शेगडी बांधायची म्हणून मिस्त्रींनी सिमेंटचे अडतीस पोकळ ब्लॉक आणून टाकले, तेव्हा त्यांची लेक सहावीत होती. आता ती नोकरीला लागली, सुट्ट्यांना पाहुण्यासारखी घरी येऊ लागली, तरी ब्लॉक मागच्या भिंतीला टेकून जिथल्या तिथे. शहरात मिस्त्रींनी उभारलेल्या भिंती बोटांवर मोजण्यासारख्या नव्हत्या. त्यांच्या हातचं काम मिळावं म्हणून लोक महिना महिना थांबत. घरच्या कामाला मात्र त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, 'येत्या सुट्टीत'. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सुट्टी यायची, मिस्त्री खुर्ची टाकून ब्लॉककडे बघत बसायचे, शेगडी कुठे घालावी आणि जाळी किती उंच घ्यावी ते हवेत हात फिरवून ठरवायचे, आणि मग जेवून झोपायचे.

त्यांच्या बायकोला सगळं जग वहिनी म्हणे, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनींचा त्या ढिगावर फार विश्वास होता. नवऱ्याच्या शब्दावर नव्हे, त्याच्या आळसावर. एक वेळ डोंगर हलेल पण हे ब्लॉक हलायचे नाहीत, अशी त्यांची खात्री झाली होती. त्या खात्रीवर विसंबून त्यांनी एक असं काम करून ठेवलं होतं, जे शहाण्या बाईने करू नये.

वहिनी एका दातांच्या डॉक्टरांकडे पुढच्या टेबलावर बसत. दाढ ठणकत असलेला माणूस तोंडाला येईल ते बोलतो, आणि त्याला 'बसा हं, दहाच मिनिटं' एवढंच म्हणायचं असतं. वर्षानुवर्षं हे केल्यावर गोड बोलण्याची जिभेला सवय लागते. ती घरी आल्यावरही सुटत नाही. बाहेर ते खपून जातं, पण घरात पोटातलं पोटातच राहतं. आणि वहिनींच्या पोटात जे राहिलं होतं, त्यातलं बहुतेक सगळं एकाच माणसाबद्दल होतं. मिस्त्रींच्या थोरल्या बहिणीबद्दल.

या ताई गाडी चालवण्याची परीक्षा घेत. सरकारी कार्यालय, हातात पाटी, पाटीला क्लिप, आणि नापास करायला न कचरणारं पेन. घरात त्यांना इन्स्पेक्टर म्हणत, अर्थात त्या घरात नसताना. आल्या की उंबऱ्यातूनच सुरुवात व्हायची. पडदा आखूड झालाय, फ्रिजचं दार नीट लागत नाही, मुलीला बूट घट्ट होतायत, तुम्हाला दिसत कसं नाही. आणि वाईट म्हणजे त्यांचं म्हणणं दरवेळी खरं निघायचं. वहिनी आपल्या 'हो ना, बघते हं' म्हणत राहायच्या.

कळस झाला तो अकरा वर्षांपूर्वी. वहिनी गाडीच्या परीक्षेला गेल्या आणि पाटी घेऊन शेजारी येऊन बसल्या त्या ताईच. आपल्या माणसाची परीक्षा आपण घेऊ नये हे त्यांना सुचलं नाही. आपल्या माणसालाही सूट मिळत नाही हे दाखवायला बरं, असंच त्यांना वाटलं असावं. गाडी मागे घेताना तिसऱ्या खांबाला धक्का लागला, असं लिहून त्यांनी सख्ख्या भावजयीला नापास केलं. वहिनी पुन्हा परीक्षेला बसल्याच नाहीत. त्या अजून बसने जातात.

त्या दिवशी दवाखान्याचा फोन नंबर बदलल्यामुळे जुन्या कार्डांचा एक गठ्ठा रद्दीत निघाला होता. पेशंटला देतात ती छोटी, जाड कार्डं. त्यांवर छापलेलं असायचं: नाव, तारीख, वेळ, तक्रार, पुढची भेट. वहिनींनी गठ्ठा घरी आणला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभ्या उभ्या पहिलं कार्ड भरलं. नाव: ताई. मग सवयीने तारीख आणि वेळसुद्धा. तक्रार: 'खांब लागला नव्हता. मला माहीत आहे, त्यांना माहीत आहे, खांबाला माहीत आहे.' लिहिलं आणि काय सांगावं, छातीवरचं ओझं उतरलं. पण कार्ड ठेवायचं कुठे? त्या घरात कोणीही कुठलाही खण उघडायचं. वहिनी परसात गेल्या, लेकीने सायकल रंगवताना ज्या ब्लॉकवर निळा रंग सांडला होता त्याच्या भोकात कार्ड सरकवलं आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठाही तिथेच ठेवला. तेव्हापासून ताई येऊन गेल्या की एखादं कार्ड भरलं जाई. दर वेळी तारीख आणि वेळ घालून.

मग दोन वर्षांपूर्वी मिस्त्री परांचीवरून पडले. दोन्ही पाय आणि कंबर. वहिनी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडत होत्या, तेव्हा ताई येऊन शेजारच्या पायरीवर बसल्या. धीर देण्याचं एक अक्षर बोलल्या नाहीत. डबा उघडून वहिनींच्या हातात दिला आणि म्हणाल्या, खा. पुढे त्या तीन महिने रजा काढून राहिल्या. भावाला कुशीवर वळवायच्या, व्यायाम करून घ्यायच्या, तो कुरकुरला की नापास करायच्या. मिस्त्री आज स्वतःच्या पायांवर चालतात त्यातलं निम्मं श्रेय डॉक्टरांचं असेल, उरलेलं ताईंच्या जिभेचं. त्यानंतर कार्डं लिहायचं राहून गेलं. ठरवून नाही. सुचायचंच बंद झालं.

आता ताई निवृत्त झाल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची जागा, जिने, दुखरे गुडघे, आणि सोबतीला कोणी नाही. लेक दुसऱ्या शहरात गेल्यापासून वहिनींचं घरही ओकंबोकं झालं होतं. मिस्त्री दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलत. वहिनींनीच फोन करून म्हटलं होतं, वरची खोली रिकामी आहे, या, कायमच्याच या. मनापासून म्हटलं होतं. ताई म्हणाल्या होत्या, सुट्टीचे तीन दिवस राहून बघते, मग सांगते.

तेव्हा वहिनींना ती कार्डं आठवली. शनिवारी अर्धाच दिवस काम, दोनपर्यंत घरी. ताई येणार पाचला. तेवढ्यात कार्डं काढून जाळून टाकायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पण जन्मभर लोकांची परीक्षा घेतलेला माणूस कुठेही वेळेआधी पोचतो, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी दुपारी त्या घामाघूम होऊन बसमधून उतरल्या, तर कोपऱ्यापासूनच कोळशाचा आणि भाजणाऱ्या कोंबडीचा वास. कोणाकडे तरी मजा आहे, असं म्हणत त्या फाटकापाशी आल्या, तर वास आपल्याच घरातून. दारात ताईंची बॅग होती. वर नेलेली नव्हती, उघडलेली नव्हती. दाराला टेकवून ठेवली होती, आत आल्यासारखीही आणि निघाल्यासारखीही.

परसात पाऊल टाकलं आणि वहिनी जागीच थांबल्या. भिंतीजवळचा ढीग नाहीसा झाला होता. तिथे नुसता फिकट चौकोन उरला होता आणि त्यात गोंधळलेल्या मुंग्या. परसाच्या मधोमध शेगडी उभी होती, कंबरेइतकी उंच, आतून भट्टीच्या विटा लावलेली, ओळंब्यात सरळ. जाळीवर कोंबडीचे तुकडे, कांदे आणि कणसं. सुट्टीला आलेली लेक चिमटा घेऊन उभी होती. मिस्त्री काखेत हात घालून आपल्या कामाकडे असे बघत होते, जसं काही काल बोलले आणि आज केलं. ताई दहालाच आल्या, लेकीने सांगितलं, आणि ढिगाकडे बघून बाबांना एवढंच म्हणाल्या, हे अजून इथेच? बाबा चहा अर्धा टाकून उठले. अकरा वर्षांत बायकोला जे जमलं नाही, ते बहिणीने तीन शब्दांत करून दाखवलं.

उरलेल्या ब्लॉकचं मिस्त्रींनी बाक केलं होतं. दोन बाजूंना दोन दोन ब्लॉक आडवे, वर फळी. त्या बाकावर ताई बसल्या होत्या आणि उंटावरून शेळ्या हाकत होत्या: तो तुकडा उलट, ते कणीस करपतंय, कोळसा डावीकडे ओढ. त्यांच्या बरोबर खाली, वरच्या ब्लॉकच्या कोपऱ्यावर, निळ्या रंगाचा ओघळ होता.

म्हणजे ही बाई आत्ता आपल्याविरुद्धच्या नऊ वर्षांच्या तक्रारींवर बसून कणीस खात होती. ब्लॉक आडवा होता, भोकं पुढे आणि मागे. समोरून आत काळोख दिसत होता. मागून काय दिसत असेल ते देव जाणे.

चोराच्या मनात चांदणं. वहिनींना वाटू लागलं की ज्याला त्याला त्या भोकातलंच दिसतंय. ताईंना तिथून उठवलं पाहिजे, मग पुढचं पुढे. त्या म्हणाल्या, ताई, धूर तुमच्याकडे येतोय, सावलीत खुर्ची टाकते. ताई म्हणाल्या, धूर माझ्याकडे यायला घाबरतो, तू बस. मग वहिनींनी उशी आणली, फळी टोचत असेल, जरा उठा. ताईंनी उशी घेतली, मांडीवर ठेवली आणि तिच्यावर ताटली ठेवली. वहिनींनी वरची खोली दाखवायची म्हटलं. ताई म्हणाल्या, खोली काय पळून जातेय? शेवटी वहिनींनी फळी हलतेय असं सुचवलं. तेव्हा मिस्त्री इतके दुखावले की त्यांनी येऊन ताईंसकट बाक हलवून दाखवलं. हललं नाही. मिस्त्रींच्या हातचं काम ते, कसं हलेल?

वहिनींनी मग मीठ आणायच्या निमित्ताने नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, ब्लॉकच्या आत काही होतं का.

मिस्त्री हात धूत म्हणाले, मी ब्लॉक झटकल्याशिवाय लावतो कधी? वहिनींना हे पक्कं माहीत होतं. विंचू निघतो, पाल निघते, म्हणून प्रत्येक ब्लॉक उचलायचा, उलटा करायचा, तीनदा आपटायचा आणि मगच लावायचा, हा मिस्त्रींचा पहिल्या दिवसापासूनचा शिरस्ता. लग्नानंतर ज्या पाच-सहा गोष्टी त्यांनी बायकोला समजावून सांगितल्या, त्यातली ही एक.

"तुमच्या दवाखान्याची जुनी कार्डं निघाली," मिस्त्री म्हणाले. "चष्मा लावला नव्हता, म्हटलं रद्दीच असेल. ताईने घेतली."

"ताईंनी? कशाला?"

"शेगडी पेटवायला."

मिस्त्री मीठ घेऊन निघून गेले. जळली असतील, वहिनी मनाशी म्हणाल्या, जळली असतील आणि संपलं असेल. पण ताई रस्त्यात पडलेलं बसचं तिकीटसुद्धा उलटसुलट वाचून टाकतात. कागद हातात आला आणि न वाचता पेटवला, असं त्या बाईच्या आयुष्यात कधी झालं नसेल. म्हणून बॅग दारात आहे. म्हणून खोली बघायची नाही. नऊ वर्षं दाबून ठेवलं, दोन वर्षं विसरून गेलो, आणि आता खरोखर या म्हणतोय तेव्हाच हे पुढे यावं? वहिनींना रडू आलं. मिठाच्या बरणीचं झाकण लावता लावता त्या थोडंसं रडल्या, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर जाऊन कोंबडीच्या पुढच्या खेपेला स्वतःच्या हाताने मीठ लावलं.

ऊन कललं तसं परस निवलं. शेजारच्या घरातून कोणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता. लेक वडिलांना काहीतरी सांगत होती आणि दोघं कोळसे चाळवत शेगडीपाशी उभे होते. ताई हात धुवायला आत गेल्या. बाक पहिल्यांदाच रिकामं झालं.

वहिनी मागच्या बाजूला उकिडव्या बसल्या आणि निळ्या ओघळाच्या ब्लॉकमध्ये हात घातला. सिमेंटचा गारवा लागला, झटकून स्वच्छ केलेला. मग बोटांना एक कार्ड लागलं. एकच. त्यांनी ते उजेडात धरलं. अक्षर त्यांचं नव्हतं. पाटीवर लिहून लिहून उभं आणि टोकदार झालेलं अक्षर होतं.

नाव: वहिनी. तारीख: आजची. वेळ: अकरा वीस. तक्रार: 'समोर बोलत नाही.' पुढची भेट या ओळीपुढे काही लिहिलेलं नव्हतं.

"चार तास त्यावर बसले होते," ताई पाठीमागून म्हणाल्या. "तू शोधशील म्हणून. तू आपली उशा आणतेस."

वहिनी उठल्या, पण वर बघवेना. त्यांनी पुष्कळ शब्द जुळवले. जुनं आहे, तेव्हा मी वेगळी होते, माफ करा. तोंडातून मात्र एकच वाक्य आलं. "तुम्ही सगळी वाचलीत?"

"एकतीस. मग पेटवली. कार्ड चांगलं होतं, कोळसा लगेच धरला." ताई बाकावर बसल्या आणि शेजारच्या जागेवर हात थोपटला. वहिनी बसल्या. ताईंनी जरा वेळ गुडघा चोळला. मग त्या नेहमीपेक्षा हळू बोलू लागल्या. "तुला सांगू, फोनवर या म्हणालीस ना, मला खरं वाटलं नाही. तू डॉक्टरकडच्या माणसांशीही तसंच बोलतेस. या हं, बसा हं. म्हटलं, भावाला सांभाळलं म्हणून ही बाई उपकार फेडतेय. आतून नको असेल आणि तोंडाने या म्हणत असेल, तर मी म्हातारपणी जिन्यावर कोणाच्या पायात घोटाळत राहू? सोमवारी परत जायचं म्हणून बॅग दारातच ठेवली होती."

"आणि मग ती कार्डं," वहिनी म्हणाल्या.

"मग ती कार्डं. वाईट वाटलं. नाही कशाला म्हणू? त्या बुटांच्या कार्डाचं फार वाटलं, मी बाळीसमोर तसं बोलायला नको होतं." ताईंनी नातीसारख्या भाचीकडे, शेगडीपाशी हसणाऱ्या त्या मोठ्या मुलीकडे, एकदा बघितलं. "पण तू प्रत्येकावर तारीख घातलीस. म्हणून मी ती क्रमाने लावली. शेवटचं कार्ड तो परांचीवरून पडला त्याच्या आदल्या आठवड्यातलं. त्यानंतर मी तुझ्या घरात तीन महिने राहिले, उठता बसता चुका काढल्या, मला माहीत आहे. आणि एक कार्ड नाही. म्हटलं, खाली कुठे चिकटलं असेल. ब्लॉक उलटा केला, आपटला. कोरी निघाली, लिहिलेलं एक नाही."

ताईंचा आवाज जरा चिरकला होता आणि तो कोणाला ऐकू जाऊ नये असं त्यांना वाटत होतं.

"गोड बोलणाऱ्याचं खरं मला कळत नाही गं," त्या म्हणाल्या. "पण ते कळलं."

वहिनींचा जीव असा भांड्यात पडला की त्यांना हसूही आलं आणि रडूही आलं, आणि कोणतं आधी येऊ द्यावं ते कळेना. सकाळपासूनची, छे, अकरा वर्षांची पाठ त्यांनी सैल सोडली. फळी जराही हलली नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, की हातातल्या कार्डावरच्या तक्रारीचं अजून काही केलेलं नाही. त्यांनी घसा साफ केला.

"ताई, तो खांब लागला नव्हता."

"लागला होता."

"नव्हता लागला. मी आरशात बघत होते."

"आरशात बघत होतीस, तिथेच चुकलीस. मान वळवून बघायचं असतं. तिसरा खांब हलला, मी डोळ्यांनी पाहिला."

"तो वाऱ्याने हलला."

"वाऱ्याने? लोखंडी खांब?"

"आणि लोखंडी होता तर मग आवाज का नाही आला?" वहिनींचा आवाज असा चढला, की शेगडीपाशी मिस्त्रींच्या हातातला चिमटा थांबला. लग्नाला चोवीस वर्षं झाली, हा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता. लेक घाबरून पुढे निघाली, तर मिस्त्रींनी तिचा दंड धरला. त्यांना काय कळलं देव जाणे, पण ते म्हणाले, असू दे.

आवाज का नाही आला, हे अकरा वर्षांत ताईंना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी डोळे बारीक केले, जणू तो रस्ता, ती गाडी आणि तो खांब पुन्हा मांडून बघत होत्या.

"उद्या सकाळी रस्ते रिकामे असतात," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याचा टेम्पो काढू. हे उरलेले ब्लॉक उभे करू खांब म्हणून. पुन्हा बघू."

"आणि नाही लागला तर?"

"तर मान्य करीन. लेखी." ताईंनी वहिनींच्या हातातलं कार्ड घेतलं, कमरेला खोचलेलं पेन काढलं आणि रिकाम्या ओळीपुढे लिहिलं: 'उद्या सात. नंतर रोज.' मग शेगडीकडे तोंड करून त्यांनी भावाला हाक मारली. कोंबडीत मीठ कमी आहे, कणसं काढा नाहीतर कोळसा होईल, आणि हो, माझी बॅग तेवढी वर नेऊन ठेव.

"मीठ बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या. "मी घातलंय."